साईच्या कपाटाची किल्ली

एकोडीच्या रत्नाबाईला दुधाच्या वासानेच मळमळायचं. माहेरी चार म्हशी होत्या, म्हणून सासू गोदावरीबाईला ते सोंगच वाटे. तुपासाठी साठवलेली साय घटली की साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जाई, "आमची सून म्हणजे मांजर हाय." एकाहत्तरात, लग्नाच्याच वर्षी, दुधाच्या कपाटाला कुलूप लागलं. तरी साय घटतच राहिली. नवरा केवळराम आईच्या उशाखालची किल्ली काढायचा, मिशा पुसायचा आणि गप्प बसायचा.

पंच्याऐंशी साली म्हातारी खाटेला खिळली. किल्ली सुनेच्या हाती देत म्हणाली, "घे बाई, आता पोटभर खाय."

रत्नाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. तो तेव्हाही बोलला नाही.

म्हातारी गेली, तेव्हा रत्नाबाईने किल्ली नवऱ्यापुढे टाकली. "घ्या. आता चोरून कायले खाता?"