मोठ्या सिस्टरांचा नाष्टा

उपाशीपोटी कुणाच्या लेकराला सुई टोचायची नाही, हा मोठ्या सिस्टरांचा नियम होता. लेकराच्या नव्हे, स्वतःच्या पोटाबद्दलचा. "पोटात आग असली की हात जड पडतो," असं त्यांचं म्हणणं. आरोग्य केंद्राची जीप सकाळी सातला निघायची आणि लशीची थंड पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या सिस्टर ड्रायव्हरला आधी गावाचं नाव सांगायच्याच नाहीत, हॉटेलाचं सांगायच्या. 'मोठ्या' त्या हुद्द्यानं. उंचीनं माझ्या खांद्याला लागायच्या, खाणं मात्र माझ्या दुप्पट.

मी वाईची. नव्वदच्या दशकात सातारा जिल्ह्यात नर्स म्हणून लागले तेव्हा मला फक्त घरचे पोहे ठाऊक होते. हा जिल्हा मला सिस्टरांनी खायला घालून शिकवला. उंब्रजला हायवेवरची मिसळ खायची ती नऊच्या आत, नंतर मालक रश्शात पाणी वाढवतो. रहिमतपूरला बाजाराच्या दिवशी भजी, एरवी तिथं थांबण्यात अर्थ नाही. मेढ्याला धुक्यातून कुडकुडत पोचलं की स्टँडजवळच्या टपरीवरचा शिरा, आणि तोही उभ्यानं. एवढं सगळं पोटात गेल्यावरही त्या सुस्कारा टाकून म्हणायच्या, "पण आमच्या सांगलीच्या भडंगाची सर न्हाई गं कशाला." मग पिशवीतून भडंगाचा पुडा निघायचा.

त्या काळी हॉटेलात बाई दिसली की पोऱ्यापासून मालकापर्यंत सगळे पडद्याआडच्या फॅमिली रूमकडे बोट दाखवायचे. सिस्टर ढिम्म हलायच्या नाहीत. "पडदा पेशंटला लागतो. आमी खायला आलोय," असं म्हणत दारासमोरचं टेबल धरायच्या. पहिल्या दिवशी आजूबाजूचे गडी बघतात म्हणून मी मान वर करेना. त्या म्हणाल्या, "खाली बघून खाल्लं की ठसका लागतो. वर बघ." त्या दिवसापासून मी वर बघून खाते.

बसण्याआधी त्या एकदा कपांच्या फळीकडे नजर टाकायच्या. स्वच्छता बघत असतील, असं मला वाटे. त्या काय बघतात ते कळायला एक वर्ष गेलं.

डोंगराकडच्या एका लहान गावात आम्ही पहिल्यांदाच लसीकरणाला गेलो होतो. गावात एकच हॉटेल. बाहेर छपराच्या खांबाला खिळा होता आणि खिळ्याला कानाचा टवका उडालेला एक कप अडकवलेला होता. सिस्टर थबकल्या. मग टाचा उंचावून त्यांनी तो कप काढला, आत जाऊन टेबलावर ठेवला.

"ह्यात द्या चहा. मलाबी आन् ह्या सिस्टरलाबी."

मालक गडबडला. "आवं सिस्टर, त्यो तुमच्यासाठी न्हाई!"

"माझ्यासाठीच हाय. माझ्या बापानं असल्याच कपातनं बाहेर उकिडवं बसून चहा प्यायलाय."

मालकानं मान खाली घालून कप विसळला आणि भरला. सिस्टर बौद्ध होत्या हे मला माहीत होतं. कितीदा एका ताटलीत जेवलो होतो आम्ही, आणि त्याचा मला मनातून जरा अभिमानही होता. त्यांनी अर्धा चहा पिऊन कप माझ्याकडे सरकवला. माझा हात पुढे गेलाच नाही. "मला नको, पित्त झालंय," मी म्हणाले. कप कळकट होता, ही सबब पुढे मी स्वतःलाच कितीदा सांगितली. फळीवरचे कपही तितकेच कळकट होते.

सिस्टरांनी उरलेला चहा संपवला. कप स्वतः धुतला आणि फळीवर इतर कपांच्या मधोमध ठेवला. दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारख्या खाऊ घालत राहिल्या, पण भडंगाचा पुडा काही पिशवीतून निघाला नाही. मला ते फार लागलं, आणि बोलायचं धाडस होईना.

त्या निवृत्त झाल्या त्या सकाळी मी त्यांना सांगलीच्या गाडीवर सोडायला गेले. स्टँडसमोर पोहे मागवले. त्या लिंबू पिळत असताना मी एकदाचं बोलून टाकलं, "सिस्टर, त्या दिवशी मला पित्त नव्हतं."

"ठाऊक हाय की. एवढी वर्षं काय नुसत्या सुया टोचल्या व्हय?"

"मग बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर तू रडली असतीस, आन् मलाच तुला गप करावं लागलं असतं." त्यांनी माझी प्लेट पुढे ढकलली. "खा. गार व्हतंय."

माफ केलं की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही. गाडी आली आणि त्या गेल्या.

त्यानंतर त्या गावाची फेरी पुन्हा लागली, तेव्हा मी एकटीच होते. कप पुन्हा खिळ्यावर होता. मी तो काढला, आत जाऊन दारासमोरच्या टेबलाशी बसले आणि म्हणाले, "ह्यात चहा द्या." मालकानं मला ओळखलं. त्यानं कप विसळून चहा ओतला. मी तळाचा घोटसुद्धा सोडला नाही. कप धुऊन फळीवर ठेवला आणि त्याला सांगितलं, दर महिन्याला येणार आहे.

घरी येऊन सिस्टरांना चार पानी पत्र लिहिलं. आठवड्यानं पार्सल आलं. आत भडंगाचा पुडा आणि एक चिठ्ठी: 'सगळं लिहिलंस. तिथं नाष्ट्याला काय मिळतं, ते मात्र राहिलं.'

मी आधी हसले. मग पुडा उराशी धरून खूप रडले.