कच्च्या टाक्यांचा हंगाम

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, लग्नानंतर मी अमेरिकेत आले ती उत्तरेकडच्या, सरोवराकाठच्या एका शहरात. नवरा कारखान्यात इंजिनीअर. पहिला हिवाळा मी खिडकीत बसून काढला. दुसरा तसा काढायची हिंमत नव्हती, म्हणून जवळच्याच शिवणकामाच्या दुकानात नोकरी धरली. मालकीणबाई सत्तरीच्या, तिरसट आणि हॉकीवेड्या. शहरात बर्फावरच्या हॉकीचा एक व्यावसायिक संघ होता आणि त्याच्या जर्सींवर खेळाडूंची नावं शिवायचं काम आमच्याकडे होतं.

हॉकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर गवत यायचं. नवरा नागपूरला कॉलेजच्या टीममध्ये राखीव खेळाडू होता, त्यामुळे त्याने मला सगळे नियम समजावून सांगितले. ते इथे लागू नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी संघ अंतिम फेरीच्या दारातून परत आला होता आणि संघाचा मालक भडकला होता. उन्हाळ्यात त्याने कोच काढला, कॅप्टन विकला, गोलकीपर विकला आणि निम्मी टीम बदलून टाकली. मग एका दुपारी संघाचं सामान सांभाळणारा माणूस दोन पोती घेऊन दुकानात आला. दाराएवढा रुंद, झुबकेदार मिशा. पोत्यांत जुन्या खेळाडूंच्या जर्सी होत्या; त्यांवरची नावं उसवून नवी शिवायची होती. धुतलेल्या आहेत असं त्याचं म्हणणं होतं.

"नवीन जर्सी का नाही घेत?" मी नाकाला पदर लावून विचारलं.

"नवीन खेळाडू घेतले ना," तो म्हणाला. "आता जुन्या जर्सी."

मालकीणबाईंनी गोलकीपरची जर्सी मांडीवर घेतली, तिच्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे सरकवली. "तू उसव. तुझी त्याची ओळख नाही."

नव्या खेळाडूंत एक युरोपातून आणलेला होता. त्याचं नाव इतकं लांब की मी ते एका काखेपासून सुरू करून, खांद्यांवरून वळसा देऊन दुसऱ्या काखेत संपवलं.

"शेवटचं अक्षर हात वर केल्याशिवाय दिसणार नाही," मी म्हटलं.

"गोल मारल्यावर हात वर करतातच की," मालकीणबाई म्हणाल्या.

ते अक्षर त्या हंगामात फारसं कुणाला दिसलं नाही.

पहिल्या सामन्याची तिकिटं आम्हाला फुकट मिळाली. नवरा माकडटोपी घालून, पिशवीत चिवडा घेऊन आला. "बघ हं, आता शिट्टी होईल," तो दर मिनिटाला सांगायचा. शिट्टी व्हायची नाही; कुणीतरी कुणाला तरी मैदानाभोवतीच्या काचेवर आपटायचं. मग मारामारी सुरू झाली. समोरच्या संघातल्या एका धिप्पाडाने आमच्या नव्या कॅप्टनची जर्सी मागून ओढून त्याच्याच डोक्यावर घातली आणि त्याला बुकलू लागला. मी ताडकन उभी राहिले. "अहो, ओढू नका! शिवण उसवेल!"

पुढच्या रांगा मागे वळल्या. "काय म्हणतेय ही?" एकाने विचारलं.

शेजारी बसलेल्या मालकीणबाईंना मराठीचा गंध नव्हता. "पंच आंधळा आहे म्हणतेय," त्यांनी ठोकून दिलं. आख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्या मारामारीला आमच्यामागचे चार-पाच जण जमेल तसं "शिवान उसवेल!" ओरडले.

तो सामना हरलो. पुढचेही हरत गेलो. प्रत्येक पराभवानंतर मालक कुणाला तरी विकायचा, कुणाला तरी आणायचा, आणि मिशीवाला पिशवी घेऊन आमच्या दारात. नाताळाच्या आधी नवा कोचही गेला. त्याच्यानंतरच्याने आपली माणसं आणली. शेवटी मिशीवालाच कंटाळला.

"कच्चे टाके घाल," तो मला म्हणाला. "हा पुढच्या आठवड्यात असेल याचा भरवसा नाही."

"अहो, पण खेळताना निघून येईल!"

"याला खेळवतंय कोण!"

नेमकं त्यालाच खेळवलं. कॅनडातून आलेला कोवळा पोरगा. कुणाचा तरी गुडघा दुखावला म्हणून बर्फावर उतरवला. तो असा सुसाट पळाला की पाठीवरचं नाव एका टोकाने सुटलं आणि शेपटीसारखं मागे फडफडायला लागलं. मी डोळे झाकून घेतले. आरडाओरडा झाला म्हणून उघडले, तर त्याने गोल मारला होता! निवेदकाने पाठीवरचं नाव वाचायचा प्रयत्न केला, थोडा थांबला आणि म्हणाला, "गोल... आपल्याच संघाचा!"

दुसऱ्या दिवशी पोरगा जर्सी घेऊन दुकानात आला. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण तो लाजत म्हणाला, "मॅडम, पक्कं शिवून द्याल का? मला इथे राहायचंय."

मी दुहेरी दोऱ्याने तीनदा टीप मारली. इतकी घट्ट टीप मी नवऱ्याच्या कोटालाही कधी मारली नव्हती.

संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. अखेरच्या सामन्याला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मालकीणबाई एकट्या शेवटपर्यंत ओरडत होत्या, तेही संघाच्याच मालकाच्या नावाने. पोरगा मात्र टिकला. पुढच्या वर्षीचा करार त्याला मिळाला. गावी परतण्याआधी तो आपल्या आईला घेऊन दुकानात आला. बाई फ्रेंच बोलणाऱ्या, इंग्रजी जेमतेम. त्यांनी पिशवीतून त्याची जर्सी काढली, उलटी केली, खिडकीपाशी उजेडात धरली आणि माझी टीप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाने तपासली. माझ्या सासूबाईंनीही माझी पोळी इतकी निरखून पाहिली नव्हती.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. मग स्वतःचा कोट काढून माझ्या टेबलावर ठेवला. अस्तर फाटलं होतं.