बिजागरीची मालकीण

आमच्या इमारतीत कुणाच्याच दाराचा आवाज येत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण त्यात माझ्यासारख्या माणसाची किती गैरसोय होते ते मलाच ठाऊक. पूर्वी शेजारच्या शिंपिणीचं दार करकरलं की ती बाहेर निघाली हे कळायचं. वरच्या मास्तरांचं दार आपटलं की नवराबायकोचं वाजलं हे कळायचं. आता नुसती शांतता. कोण आलं, कोण रुसून गेलं, सगळं खिडकीत बसून स्वतःच्या डोळ्यांनी बघावं लागतं. या वयात हे कष्ट!

हे सगळं झालं तळमजल्यावरच्या भिंगरीमुळे. हे त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण आता त्याची बायकोही त्याला याच नावाने हाक मारते. इमारतीच्या मागच्या गॅरेजात तो बिजागऱ्या बनवतो. न कुरकुरणाऱ्या, दार आपटू न देणाऱ्या, हळूच मिटणाऱ्या. नवीन बनवलेली प्रत्येक बिजागरी आधी आमच्या दारांना लावून बघतो, फुकट. आमची दारं गप्प झाली ती अशी. गंमत बघा, न कुरकुरणारी बिजागरी करणारा हा माणूस स्वतः मात्र दिवसभर कुरकुरतो. जेवतो उभ्याने. अर्धी दाढी करून, गालाला फेस तसाच ठेवून तो कोपऱ्यावरच्या दुकानात स्क्रू आणायला गेलेला मी पाहिलाय. मेणबत्तीच्या ज्योतीसारखा माणूस, वारा नसला तरी हलणार.

वहिनी, म्हणजे त्याची बायको, अगदी दुसऱ्या टोकाची. ती बसली की बसली. तिला कुठेही झोप लागते. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत, तोंड उघडं असताना झोपलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

तर गेल्या वर्षी भिंगरीचा धंदा पार बसला. बाजारात स्वस्तातल्या पातळ पत्र्याच्या बिजागऱ्या आल्या आणि लोक म्हणायला लागले, दार वाजलं तर वाजलं, कोण मरतंय! तेव्हा वहिनीचा भाऊ पुढे आला. त्याचा कपाटं बनवायचा मोठा कारखाना आहे. गॅरेजात येऊन त्याने चारी भिंती न्याहाळल्या आणि म्हणाला, "भाऊजी, किती दिवस हे पत्रे कापत बसणार? माझ्याकडे या. स्वतंत्र केबिन देतो. गुबगुबीत खुर्ची देतो. फक्त बसायचं आणि कामगारांवर लक्ष ठेवायचं."

"फक्त बसायचं?" भिंगरीने विचारलं. फाशीची शिक्षा ऐकणारा माणूस सुद्धा इतका पांढरा पडत नसेल.

"तुमचं ते प्रेस मशीन पण घेऊन जातो. मला लागतंच आहे. विचार करून सांगा, पण लवकर सांगा. नाहीतर खुर्चीवर दुसऱ्याला बसवावं लागेल."

मेहुण्याच्या मनात काळंबेरं काही नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. बहिणीचे हाल त्याला बघवत नव्हते. पण त्या दिवसापासून भिंगरीच्या डोळ्यांपुढे ती खुर्ची नाचायला लागली. चहा प्यायला माझ्याकडे यायचा, तो आमच्या खुर्च्यांकडे सुद्धा वैऱ्यासारखा बघायचा.

त्याच सुमारास सरकारला लहान कारखानदारांचा कळवळा आला. योजना निघाली. परदेशातल्या व्यापारी प्रदर्शनात आपला माल मांडायचा असेल, तर स्टॉलचं भाडं आणि विमानाचं तिकीट सरकार देणार. भिंगरीला वाटलं, सुटलो! परदेशातल्या लोकांना शांतता कळते, ते उड्या मारून माल घेतील. त्याने मेहुण्याला निरोप धाडला, प्रदर्शन होईपर्यंत थांब. एखादं जरी मोठं गिऱ्हाईक मिळालं तर गॅरेज राहील. नाही मिळालं, तर खुर्ची.

दोघं योजनेच्या कचेरीत गेले, आणि मलाही बरोबर नेलं. का, तर रांगेत उभं राहायला. साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "मालकानेच जायचं आणि मालकानेच स्टॉलवर हजर राहायचं, ही अट आहे. कोण जाणार?"

"मी," भिंगरी म्हणाला. तो उभाच होता.

"तुम्ही कोण?"

"मी मालक."

"नोंदणीत तर यांचं नाव आहे." साहेबांनी वहिनीकडे पेन रोखलं. वहिनी बाकावर डुलक्या घेत होती.

आता हे कसं झालं ते ऐका. कारखान्याची नोंदणी करायच्या दिवशी रांग होती लांबलचक. भिंगरीला रांगेत उभं राहणं म्हणजे साप अंगावर घेण्यासारखं. त्याने वहिनीला उभं केलं आणि स्वतः त्या कचेरीतल्या दारांच्या बिजागऱ्या तपासत फिरला. वहिनीचा नंबर आला, कारकुनाने विचारलं नाव काय, तिने सांगितलं. झाली मालकीण.

"साहेब, ते आपलं नावापुरतं आहे हो," भिंगरी गयावया करायला लागला. "बिजागरी मी बनवतो. तिला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"सरकार नावालाच तिकीट देतं," साहेब म्हणाले. "बाई, उठा. तुम्हाला परदेशी जायचंय."

दुसऱ्या तिकिटाची ऐपत नव्हती, त्यामुळे वहिनी एकटीच निघाली. निघायच्या आधी भिंगरीने तिचं डोकं नुसतं पोखरून काढलं. तोंडातून एकच पालुपद, "आवाज! आवाज नाही हे सांग! दार उघड, मीट, आणि म्हण, ऐका, काही ऐकू येतं का? बस्स, पुढे बोलूच नको." स्टॉलच्या मागे सामान ठेवायला माणूस बसेल एवढा एक कोनाडा असतो, त्याला दार असतं. त्या दाराला आपल्या बिजागऱ्या लावायच्या असं ठरलं. लावायच्या कशा हे वहिनी आमच्या न्हाणीघराच्या दारावर शिकली. ते दार दोन दिवस आडवं पडलं होतं आणि आमच्या घरात आंघोळीच्या आधी खाकरण्याची पद्धत पडली होती.

वहिनी गेली आणि भिंगरीचा जीव टांगणीला लागला. गॅरेज ते फाटक, फाटक ते गॅरेज. मी खिडकीतून म्हटलं, "अरे, तिकडे बायको विमानाने गेली, तू पायी निघालास की काय?" तर हसला पण नाही.

पहिल्या दिवशी वहिनीचा फोन आला. त्याने स्पीकर लावला, नाहीतर मला तरी कसं कळलं असतं?

"कुणी थांबत नाही रे," वहिनी म्हणाली. मागे जत्रेसारखा गोंगाट.

"दार उघडून मिटलंस का?"

"सकाळपासून तेच करतेय. शेजारच्या स्टॉलवर लाकूड कापायचं यंत्र चालू आहे. समोर कुणीतरी ड्रिल विकतोय. मी म्हणते, ऐका, काही ऐकू येतं का? लोक म्हणतात, काय म्हणालात?"

भिंगरीने कपाळावर हात मारला. मी हसू दाबायला तोंडात पदर कोंबला असता, पण मी पडलो पुरुष. ज्या माणसाने उभं आयुष्य शांततेचा व्यापार केला, त्याच्या डोक्यात हे एकदा तरी यावं की नाही, की प्रदर्शनात कानठळ्या बसतात? आवाज नसलेली वस्तू विकायला बायकोला पाठवलं कुठे, तर यंत्रांच्या बाजारात!

थोड्या वेळाने भिंगरी माझ्या दारात हजर. "मिक्सर लाव."

"काय वाटायचंय?"

"काही नाही. नुसता लाव. टीव्ही पण मोठा कर. आणि तू परदेशी हो."

"म्हणजे नेमकं काय करू?"

"दारासमोरून जा. घाईत असल्यासारखा."

झालो परदेशी. मान ताठ केली, हात मागे बांधले आणि आमच्याच दारासमोरून तीनदा गेलो. तो दार उघडत होता, मिटत होता. मिक्सर रिकामा घरघरत होता. आमची ही आतून ओरडली, "दोघांनाही वेड लागलंय!"

"थांबावंसं वाटलं का?" त्याने आशेने विचारलं.

"खरं सांगू? दार हललेलं सुद्धा कळलं नाही."

"तेच तर!" तो ओरडला. मग हळूच म्हणाला, "तेच तर." आणि जिन्याच्या पायरीवर बसला. भिंगरीला बसलेला बघून मी गुपचूप आत गेलो आणि मिक्सर बंद केला.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून वहिनी फोन उचलेना. हा लावतोय, तिकडे नुसती रिंग. संध्याकाळी तर फोन बंदच. भिंगरी फाटकापर्यंत जाऊन परत यायचा, मला म्हणायचा, "रडत असेल. मला सांगायची लाज वाटत असेल."

"अरे, कामात असेल."

"कसलं काम? कुणी थांबतच नाही तिथे!"

"उद्यापर्यंत धीर धर."

धीर! माशाला सांगा झाडावर चढ म्हणून. त्याने तिथल्या तिथे मेहुण्याला फोन लावला. "ये. मशीन घेऊन जा. मी खुर्चीवर बसतो." आणि मग, बायकोला काय तोंड दाखवायचं या भीतीने, स्वतःचाही फोन बंद करून टाकला.

सकाळी फाटकात टेम्पो उभा. मेहुणा आला होता, दोन हमाल आले होते. दोरखंड, फळ्या, रोलर. मशीन इंचाइंचाने गॅरेजातून बाहेर निघत होतं, आणि भिंगरी त्याच्याभोवती असा घिरट्या घालत होता, जणू मुलगी सासरी चाललीय. "तिकडून धरू नका, तो दांडा नाजूक आहे. अरे, हळू!" हमाल वैतागून म्हणाला, "मालक, एका जागी उभे राहा ना, नाहीतर तुम्हालाच चढवतो टेम्पोत."

मी खिडकीत होतो, कुठे असणार? तेवढ्यात माझा फोन वाजला. वहिनी!

"भावजी, यांचा फोन का बंद आहे? कालपासून जीव खालीवर होतोय माझा!"

"वहिनी, तुमचा का बंद होता ते आधी सांगा!"

"बॅटरी संपली. आधी झोपले होते, मग गर्दी झाली."

"झोपला होतात? कुठे?"

"कोनाड्यात. लांबच्या प्रवासाने दिवस रात्र उलटी झाली होती हो. दाराच्या चौकटीला डोकं टेकलं आणि लागला डोळा. कुणीतरी माहितीपत्रक शोधायला दार उघडलं, आत मी! त्याने दार मिटलं, मी काही उठले नाही. त्याने मित्राला बोलावलं. परत उघडलं, परत मिटलं. डोकं चौकटीला, पण एक धक्का लागला नाही हो मला! मग ही गर्दी जमली, जाग आल्यावर लोकांनीच मला सगळं सांगितलं. त्यात एक जण रुग्णालयांना दारं पुरवणारा होता. तो म्हणाला, गोंगाटाची रोग्याला सवय होते, पण दार मिटतानाच्या हादऱ्याने तो दचकून उठतो. हीच बिजागरी हवी. नमुन्याचा माल लगेच मागितलाय, आवडला तर वर्षभराचं काम."

याच गर्दीत सरकारी साहेबही हजेरीचा फोटो काढायला आले होते, आणि त्यांना झोपलेल्या मालकिणीचा फोटो मिळाला. त्यावर पुढे कचेरीतून विचारणा आली, तेव्हा वहिनीने लिहून दिलं, मालकीण स्टॉलवर हजर होती, जागी असावी अशी अट नाही. त्यावर साहेब लोक अजून विचार करताहेत.

पण ते नंतरचं. त्या घडीला मी फोन घेऊन चपला न घालता खाली धावलो. मशीन टेम्पोच्या काठाला टेकलं होतं.

"थांबा!" मी स्पीकर लावून फोन उंच धरला. "वहिनी बोलताहेत!"

दोन वाक्यांत तिला इथला प्रकार सांगितला. मग वहिनीचा आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा मी तिला चढ्या आवाजात बोलताना ऐकलं.

"दादू, मशीन उतरव."

"ताई, अगं, भाऊजींनी स्वतः सांगितलं, घेऊन जा म्हणून."

"भाऊजी कोण? मालकाला विचारलंस का?"

"मालक म्हणजे..."

"मालक म्हणजे मी. सरकारला विचार. तुझे भाऊजी माझ्याकडे कामाला आहेत. कामगाराच्या शब्दावर कारखान्यातलं मशीन उचलतोस? लाज नाही वाटत?"

हमालांनी एकमेकांकडे बघितलं. मेहुण्याने माझ्याकडे बघितलं. मी आकाशाकडे बघितलं, कारण हसू आवरत नव्हतं. भिंगरी पुढे झाला, फोनजवळ तोंड नेऊन म्हणाला, "तू झोपलीस? सरकारच्या पैशाने गेलीस, आणि झोपलीस?"

"आणि तू जागा राहून काय केलंस?"

भिंगरीने टेम्पोकडे एकदा बघितलं. नाक पुसलं. मग एकदम विचारलं, "जाडी किती सांगितली त्याने? दार लाकडी की पत्र्याचं? वजन विचारलंस का?"

"सगळं विचारलंय. लिहून घेतलंय. आधी मशीन आत ने."

मेहुणा भला माणूस. कुरकुरत का होईना, त्याने बाह्या सरसावल्या, आणि मशीन ढकलायला सगळ्यात पुढे तोच लागला. मशीन जागेवर आलं, जरा तिरकंच. ते सरळ करून घ्यावं म्हटलं, तर भिंगरीला कुठला दम? त्याने वायर जोडून पत्र्याची पट्टी आत सरकवली सुद्धा.

मेहुणा घाम पुसत फाटकापाशी आला. टेम्पोचा रिकामा हौदा बघून मला म्हणाला, "भाऊजींचं झालं, ताईचं झालं. पण मी नवी खुर्ची आणून ठेवलीय हो. अजून प्लास्टिक सुद्धा काढलं नाही. आता त्या खुर्चीवर बसवू कुणाला?"

मी काही बोलायच्या आत दोरखंड गुंडाळणारा हमाल मागून म्हणाला, "मला बसवा की, साहेब. मी अजिबात हलणार नाही."