हिमनदीतला तिरपा बांबू

टेबलावर चार बोटं आडवी ठेवायचा आणि म्हणायचा, "काका, एवढी. रोज एवढी सरकते."

ती म्हणजे हिमनदी. हिमालयातली, कित्येक कोस लांब. आणि तिच्यावर डॉक्टरेट केलेला हा पुण्याचा माणूस राहायचा ग्योतोकुत, आमच्या वरच्या मजल्यावर. आता तुम्हीच सांगा, नदी तिकडे आणि तिचा डॉक्टर इकडे जपानात, संशय येणार की नाही?

मी चौथी शिकलेला. पण चाळीस वर्षं खाणीत सुरुंगाची भोकं पाडली आहेत, दगड मला कुणी शिकवायचा नाही. मुलाकडे राहायला आलो तेव्हाच सुनेला बजावलं होतं, "वरच्या माणसाला जपून राहा. बर्फ वाहतो म्हणतो."

एकदा त्याने एक धोंडा दाखवला. अंगावर सरळ ओरखडे. म्हणे बर्फाने केले.

"छिन्नीचे आहेत," मी म्हणालो. "बर्फाच्या बापाला जमणार नाही. दगड कापायला दगड लागतो."

तो उड्या मारायचा तेवढा बाकी राहिला. "अगदी बरोबर, काका! बर्फाच्या पोटात दगडच रुतलेले असतात. वर एवढा भार, खाली खडक, आणि सगळं सरकतंय."

उत्तर चोख होतं. चोख उत्तर देणाऱ्याचा मला जास्त संशय येतो.

रविवारी चहाला बोलवायचा आणि फोटो दाखवायचा. वर डोंगराच्या कुशीत बर्फ पडत राहतो, दबून दबून काचेसारखा घट्ट होतो. उतार वाढला की घर गिळेल एवढ्या भेगा. खाली तर नुसता दगडांचा राडा, बर्फ दिसतच नाही. तिथे त्याने वाफेच्या यंत्राने खोल भोकं पाडून बांबू रोवले होते. उन्हाळ्यात बांबू जेवढा उघडा पडेल तेवढा बर्फ वितळला, असं माप. त्या मापांवर त्याच्या नोकरीचं पुढचं कंत्राट ठरायचं होतं.

एका फोटोत बांबूला दोरीने पाण्याची बाटली टांगलेली होती. दोरी ओळंब्यासारखी सरळ. बांबू तिरपा.

"डॉक्टरसाहेब, भोकच तिरपं पाडलंय तुम्ही."

"नाही हो काका, नंतर कलला असेल."

"मग पाडलं त्या दिवसाचा फोटो शोधून काढा."

काढला. यंत्राची नळीसुद्धा तशीच तिरपी. एक नाही, पाच भोकं.

"तिरपा बांबू जास्त लांब उघडा पडणार," मी म्हणालो. "माप फुगलं तुमचं."

त्याने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. मला वाटलं, आता हा दाबून टाकणार. खरं सांगतो, मी त्याचीच वाट बघत होतो.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटला. "प्रोफेसरांना कळवलं, काका. मापं मागे घेतली."

"गप्प बसला असतात तर कुणाला कळलं असतं?"

"मला कळलंय ना आता," म्हणाला आणि माझ्या हातातली कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेला.

कंत्राट पुढे वाढलं नाही. त्याची बायको लिफ्टपाशी भेटली. एरवी गोड बोलणारी. म्हणाली, "काका, यांनी तुम्हाला चहाला बोलावलं होतं. तपासायला नव्हतं बोलावलं." मी लिफ्ट सोडून जिना चढलो.

ती दोघं पुण्याला परत निघाली त्या सकाळी मी स्टेशनवर गेलो. दूध आणायला जातो असं सुनेला सांगून.

"नोकरी असो-नसो, पुढच्या वर्षी पुन्हा भोकं पाडायला जाणार आहे, काका," तो म्हणाला. "यंत्र धरायला चला की."

"माझे गुडघे बघितलेस का? तूच नीट धर."

त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं. तो हसला, बॅगा उचलून डब्यात चढला. इथली माणसं करतात तशी मीही कमरेत वाकून मान खाली घातली. खाणीच्या मालकापुढेही कधी वाकलो नव्हतो. वर बघितलं तेव्हा तो बॅग फळीवर ठेवत होता, पाठ माझ्याकडे, आणि दार लागलं होतं.