कवेलू छाप बिडीने नेलेली आमची तीन गाणी

माणूस मेला की त्याचं गाणं कोणाचं? त्याच्या आईचं, त्याच्या बँडचं, की बिडीच्या कारखान्याचं?

हे मी बिडीवाल्या मुनीमजींना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला. ग्रामपंचायतीच्या सचिवाला विचारलं. तो म्हणाला, "अर्ज दे." आमच्या ड्रमवाल्या बळीरामभाऊला विचारलं. तो म्हणाला, "चहा पी." उत्तर कोणीच दिलं नाही. मी चौथीत शाळा सोडली, म्हणून माझ्याजवळही नाही. किस्से मात्र ढीगभर आहेत. बँड पाळला की किस्से आपोआप साचतात. गावच्या बोडीत, म्हणजे तळ्यात, पाणी साचतं तसे, कोणी भरायला जात नाही!

* * *

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. चिखल्याच्या मँगनीज खाणीतले एक इंजिनिअर बदली होऊन गेले, तेव्हा आपली इलेक्ट्रिक गिटार माझ्या मोठ्या भावाला, मधुदादाला, देऊन गेले. दादा खाणीत कामाला. ड्युटीवरून आला की अंगावरची काळी धूळ न धुता गिटार घेऊन बसायचा. त्याने स्वतः गाणी रचली, स्वतःच चाली लावल्या. ड्रमवर बळीरामभाऊ बसला. मला त्याने बोंगो दिले आणि म्हणाला, "तू डोकं नको लावू. फक्त माझ्या पायाकडे पाह्य." मी आयुष्यभर तेच केलं. त्याचा पाय हलला की माझा हात!

पहिला कार्यक्रम कॉलनीच्या गणपतीत. दादाने गिटारचा असा काही कर्कश आवाज काढला की खाणीतला पंप मेकॅनिक पाना घेऊन थेट स्टेजवर चढला.

"सरका बाजूले, मशीन बिघडली तुमची!"

दादा म्हणाला, "बिघडली नाही काका. यालेच रॉक म्हणतात."

मेकॅनिक खाली उतरता उतरता म्हणाला, "असं का? मंग आमच्या पंपात चोवीस तास रॉकच चालू राहते!"

* * *

सहा-सात वर्षांत आमची तीन गाणी अशी गाजली की लग्नाची तारीख आमची तारीख पाहून काढायचे. मग एक दिवस कवेलू छाप बिडीचे मुनीमजी आले. त्यांना ती तीन गाणी प्रचाराच्या जीपवर वाजवायची होती. कागद झाला, दादाने सही केली, आणि नागपूरला एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. गाणं एकदाच गायचं, कारण पुढच्या पार्टीची वेळ झालेली. तिघांतल्या खाणीच्या काळ्या धुळीच्या गाण्यात दुसऱ्या कडव्यानंतर दादाला खोकला आला. दादा म्हणाला, "पुन्हा घेऊ." स्टुडिओवाला म्हणाला, "आता नाही."

मुनीमजींनी तो खोकला तसाच राहू दिला.

बिडीच्या जाहिरातीत खोकला! इतका प्रामाणिक कारखाना अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल.

* * *

दोन वर्षांनी दादाला कावीळ झाली. अकरा दिवसांत गेला. चौतीस वर्षांचा होता.

तिसऱ्या दिवशी आम्ही अंगणात बसलो होतो, आणि गल्लीत जीप आली. भोंग्यातून दादा गात होता. मी धावत सुटलो, टपावर चढलो, भोंगा दोन्ही हातांनी उपटला आणि नालीत फेकला. ड्रायव्हर हात जोडून उभा. "बाबू, मले काय मालूम गाणारा कोण! मी तं टेप लावतो फक्त!"

मी त्याची कॉलर धरली. तेवढ्यात आई बाहेर आली. आता ही त्याला शिव्या देणार, असं मला वाटलं. तिने त्याला तांब्याभर पाणी दिलं आणि म्हणाली, "दुसरा भोंगा आहे का, बापू? लाव ना अजून एक डाव."

ही तीच बाई, जी दादा जिवंत असताना रोज ओरडायची, "बंद कर तो कडकडाट, म्हैस दूध चोरून रायली!"

तेव्हापासून जीप दर बाजाराच्या दिवशी आमच्या दारापुढे थांबते. आई दारात बसून ऐकते आणि वर चुकाही काढते. "इथं घाई केली मेल्यानं." घरात दादाचा आवाज दुसरा कुठला नाही. ती एक टेप, आणि ती कारखान्याची.

* * *

बँड बंद पडू नये म्हणून बळीरामभाऊने सिहोऱ्याचा सुधाकर आणला. धानाच्या शेतकऱ्याचा पोरगा, गळा दादापेक्षा चांगला. हे मी आज लिहितो आहे. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर दात पाडले असते.

अड्याळला पहिलं लग्न. सुधाकरने पहिली ओळ गायली, श्वास घ्यायला थांबला, आणि अख्खा मांडव एका सुरात ओरडला, "कवेलू छाप बिडी!"

जीपच्या टेपमध्ये त्या जागी निवेदक तसं म्हणतो ना! लोकांना सवयच झालेली. नवरदेवसुद्धा ओरडला. भटजींनीही तोंड हलवलं, मी पाहिलं.

गाणं संपल्यावर नवरदेवाचे वडील आले. "चांगलं वाजवता गा. पण बिडीचे बिंडल वाटाले नाही आणले?"

एक म्हातारबुवा बळीरामभाऊला म्हणाले, "बिडीच्या गाण्याची नक्कल करता तुम्ही, नाही का?"

"नक्कल कायची, बुवा! हे गाणं आमचंच!"

"मंग त्या जीपमधला आवाज काहून वेगळा?"

बळीरामभाऊने माझ्याकडे पाहिलं आणि ड्रमची कळ आवळत बसला. ती आधीच आवळलेली होती.

* * *

सुधाकर गुणी पोरगा. लोकांना जीपसारखं पाहिजे ना, मग तो आठवडाभर सायकलवर जीपच्या मागे फिरला. पुढच्या लग्नात काळ्या धुळीचं गाणं हुबेहूब गायला. दुसरं कडवं संपलं, आणि तो खोकला.

अगदी तसाच! दोनदा बारीक, एकदा मोठा.

टाळ्यांचा कडकडाट. कोणीतरी ओरडलं, "हां! आता जमलं!"

मी बोंगो सोडून उठलो आणि भर मांडवात त्याला थापड मारली. तो गाल धरून म्हणाला, "भाऊ, मी तं टेपवरून शिकलो. मले काय मालूम, गाणं कुठं संपते अन् खोकला कुठं सुरू होते!"

वरातीत वऱ्हाडी म्हणत होते, हाही जाहिरातीचाच भाग असेल.

दुसऱ्या दिवशी सुधाकर घरी आला. मला वाटलं, राहिलेले पैसे मागून बँड सोडायला आला. तो म्हणाला, "भाऊ, माझी चार गाणी आहेत. कोणी वाजवू देत नाही. ही तीन गाणी आहेत तोपर्यंत देणार बी नाही."

* * *

शहाऐंशीत कागदाची मुदत संपली. मुनीमजी नवा कागद घेऊन आले. वारस म्हणून आईचा अंगठा आणि माझी सही पाहिजे होती. आई म्हणाली, "तू म्हणशील तसं."

मुनीमजींनी समजावलं. "लोक म्हणतात, बँडवाले आमचं गाणं चोरतात. शेटजींना ते आवडत नाही. सही केली तर गाणी फक्त जीपवर वाजतील, तुम्हाला वाजवता येणार नाहीत. नाही केली तर जीपवर दुसरी टेप लावू. मग तुम्ही खुशाल वाजवा."

बळीरामभाऊ उठूनच उभा राहिला. "अबे, लोक आपल्याले त्या तीन गाण्यांसाठी बोलावते! अन् तू? तुले त्या तीनशिवाय एक तरी ठेका येते का?"

येत नव्हता. दादाचा पाय नव्हता ना पाहायला.

सुधाकर खाली मान घालून चप्पल पाहत होता.

मी सही केली. मला सही तेवढी चांगली येते.

* * *

आठ दिवसांनी सिहोऱ्यालाच लग्न. संध्याकाळची वरात. वरातीचा नियम सोपा असतो: पहिला माणूस नाचायला उतरला की बाकीचे उतरतात. कोणीच उतरला नाही, तर पुढच्या हंगामात तो बँड कोणी बोलावत नाही.

सुधाकरने आपलं गाणं सुरू केलं. लोक ओरडले, "बिडीचं लाव, बिडीचं!" सुधाकर गात राहिला. नवरदेवाचा मामा पुढे आला. "ए, बंद कर बे हे! ते तीन गाणे कुठं गेले?" बळीरामभाऊचे हात ढिले पडायला लागले. दोनशे वऱ्हाडी रस्त्यात हाताची घडी घालून उभे. सुधाकर थांबला नाही. गाणं चांगलं होतं. मला त्याचा ठेका सापडत नव्हता.

मी बोंगो खाली ठेवले, शर्टाचं वरचं बटन काढलं, आणि दोनशे माणसांसमोर एकटा नाचायला लागलो.