बारा पॉइंटांनी जिंकलेली मॅच

सकाळी शाळेत पीटीचा मास्तर आणि संध्याकाळी पगारी खेळाडू, असं माझं बरीच वर्षं चाललं. पगारी म्हटलं की लोकांचे डोळे मोठे होतात. होऊ नयेत. आमच्या भागात बास्केटबॉलची एक लीग चालते. महिन्याकाठी जे हातात पडतं त्यात बूट येतात, गुडघ्याच्या डॉक्टरची फी येते, आणि बायकोचे टोमणे फुकटात येतात. जळगावच्या संघाचा मी कप्तान होतो. पिंप्राळ्यातला किराणावाला मला कप्तान म्हणून हाक मारायचा आणि मला ते आवडायचं. खोटं कशाला बोला.

मग एका वर्षी सगळं उलटंपालटं झालं. आमच्या संघाच्या मालकाने अंग काढून घेतलं आणि धुळ्याच्या मालकाने आमचा संघ आपल्या संघात मिसळून टाकला. घरच्या मॅचेस निम्म्या जळगावला, निम्म्या धुळ्याला. जर्सीचा रंग ना त्यांचा ना आमचा, उसाच्या रसासारखा हिरवट. कोच पुण्याकडचा, नवा, त्याला एरंडोल कुठे आणि पारोळा कुठे तेही ठाऊक नव्हतं. आमची सात पोरं घरी बसली, त्यांची सहा. उरलेले आम्ही एका बसमध्ये. जळगाववाले पुढे, धुळेवाले मागे, मधली दोन बाकं रिकामी. त्या बाकांवर कोच आपली बॅग ठेवायचा आणि त्याला वाटायचं, जागा त्याच्यासाठी सोडलीय.

कप्तानपद माझ्याकडेच राहिलं. धुळेवाल्यांना ते आवडलं नाही आणि त्यांना आवडलं नाही हे मला आवडलं. पहिल्या आठवड्यातच त्यांच्यातले दोघं-तिघं परस्पर कोचकडे गेले, आमच्या ड्रिलबद्दल कुरकुर करायला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना उभं करून सांगितलं, कोचशी काही बोलायचं असेल तर आधी माझ्याशी बोला. मी सांगेन कोचला. जळगावला आमच्यात हीच रीत होती आणि ती चांगली रीत आहे असं मी आजही म्हणतो. फक्त ज्याच्याशी बोलायचं त्याला कान असावे लागतात.

धुळ्याकडचा एकच खेळाडू खरा मोठा होता. उंच, सावळा, हात गुडघ्यापर्यंत. घरात पॉवरलूम, चार माग, दिवसभर खडखडाट. त्यामुळे तो हळू बोलायचाच नाही, आणि आपण हळू बोललो तर त्याला ऐकू यायचं नाही. घरात हिंदी, बाहेर अहिराणी, कोचशी शाळेतलं मराठी. पहिल्याच प्रवासात तो पुढच्या बाकावर येऊन बसला. मागून त्याची पोरं हसली. त्याने पर्वा केली नाही.

"भाऊ, यंदा शेवटलं वरीस शे मन्हं," तो म्हणाला.

मला वाटलं खेळ सोडतोय. तसं नव्हतं. एका सरकारी खात्यात खेळाडूंच्या कोट्यातून भरती होती आणि त्याचं वय पुढच्या वर्षी बसणार नव्हतं. अर्जाला लीगचं सर्टिफिकेट लागत होतं, संघ पहिल्या चारात आल्याचं. आपला संघ प्लेऑफमध्ये गेला की सर्टिफिकेट, नाही गेला की माग. त्याने हे रडून सांगितलं नाही. बसचा टाइम सांगावा तसं सांगितलं. मी म्हणालो, बघू. बघू म्हणजे आमच्याकडे काहीच नसतं, हे त्यालाही माहीत होतं.

सीझन धक्के खात चालला. पहिल्या चारपैकी तीन मॅचेस हरलो. बसमध्ये भांडण खेळावरून कमी आणि जेवणावरून जास्त. धुळ्याला शेवभाजी घातली की आमची पोरं नाकं मुरडणार, जळगावला भरीत घातलं की त्यांची. कोच बिचारा उकडलेली अंडी शोधत फिरायचा. फैजपूरचा एक शौकीन शेतकरी दर मॅचला केळ्यांचे घड पाठवायचा. तेवढं एक सगळे मिळून खायचे.

मग कुठेतरी गाडी रुळावर आली. कशी ते मला सांगता येणार नाही. कोच म्हणतो त्याच्या डिफेन्समुळे. मला वाटतं, त्या उंच माणसामुळे. मी बाहेरून बॉल वर टाकायचा आणि तो तिथे असायचाच. एवढी वर्षं खेळून मला असा जोडीदार मिळाला नव्हता. हे त्याला सांगायला काय झालं होतं? पण नाही सांगितलं. धुळ्याच्या कोर्टावर लोक त्याच्या नावाने ओरडायचे आणि पास देणारा मी, माझ्या नावाने कोणी शिंकतही नव्हतं. त्याच्या पॉइंटांचा आकडा वाढला की मला आत कुठेतरी लागायचं. पस्तिशीच्या माणसाला शोभत नाही, पण लागायचं.

शेवटच्या आठवड्यात चौथी जागा उरली. ती एकतर आम्हाला, नाहीतर दुसऱ्या एका संघाला. त्यांच्या साखळीतल्या मॅचेस आधीच संपल्या होत्या. आमची एक मॅच बाकी, धुळ्याला, दुपारी. जिंकलो तर दोघांचे विजय सारखे होणार. कोचने बोर्डवर लिहून दाखवलं, विजय सारखे झाले तर आपसातली मॅच धरतात, ती आपण जिंकलोय, म्हणजे आज फक्त जिंकायचं. बस. सगळ्यांनी माना डोलावल्या.

नियमांची फाइल लीगने दरवर्षीसारखी कप्तानांच्या मोबाइलवर पाठवली होती. मी दरवर्षीसारखी ती उघडलीच नव्हती. त्या उंच माणसाने पंधरा दिवसांपूर्वी मागून घेतली, सर्टिफिकेटचा मजकूर बघायचा म्हणून. मी पाठवून दिली आणि विसरलो.

मॅचच्या दिवशी मी बुटाच्या लेस बांधत होतो तेव्हा तो जवळ आला. हातात मोबाइल.

"भाऊ, त्या फाइलमधलं एक कोचले सांगणं शे."

"मॅचच्या दिवशी कागद वाचत नसतात," मी म्हणालो. "तू बॉल टाक. बाकीचं मी बघतो."

तो मोबाइल पिशवीत टाकून वॉर्म-अपला गेला. कोच दहा पावलांवर होता. पण आधी माझ्याशी बोलायचं हा नियम माझा होता, आणि सगळ्या संघात तो अगदी काटेकोर पाळणारा माणूस हाच निघाला.

आम्ही फार छान खेळलो. हे मी छाती फुगवून सांगत नाही, खेळलो तसं सांगतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात बारा पॉइंटांनी पुढे होतो आणि बॉल माझ्या हातात होता. वीसेक सेकंद उरले होते.

इथे जळगावची एक रीत सांगायला हवी. आमच्या जुन्या सरांनी ती लावली होती. मॅच हातात आली आणि शेवटचा बॉल आपल्याकडे असला की बास्केट करायची नाही. कप्तानाने बॉल घेऊन मध्ये उभं राहायचं, घड्याळ संपू द्यायचं आणि बॉल समोरच्या कप्तानाच्या हातात द्यायचा. समोरच्यालाही तोंड घेऊन घरी जायचं असतं, असं सर म्हणत. धुळ्यात नेमकं उलट. तिथे बझर वाजेपर्यंत खेळतात. कोणी मुद्दाम थांबलं तर त्यांना ते झोंबतं, म्हणजे काय, आमची कीव करता का? यावरून बसमध्ये दोनदा वाद झाला होता आणि दोन्ही वेळा मी म्हटलं होतं, मी कप्तान असेतो जळगावसारखंच होईल.

मी मध्ये उभा राहिलो. बॉल नुसता आपटत. समोरचे खेळाडूही थांबले, हात कमरेवर. त्यांचा कप्तान माझ्याकडे बघून हसला. आणि बास्केटखाली तो उंच माणूस, त्याच्या अंगावर कोणीही नाही, हात वर करून ओरडत होता, "भाऊ, इकडे! भाऊ!" स्टँडमधले लोकही ओरडत होते. मला वाटलं, झालं, याला अजून दोन पॉइंट पाहिजेत स्वतःच्या नावावर, एवढे झाले तरी पोट भरत नाही. मनात हेच आलं, दुसरं काही नाही. मी नजर वळवली. बझर वाजला. मी बॉल समोरच्या कप्तानाला दिला, त्याने माझी पाठ थोपटली. फार मोठा माणूस झाल्यासारखं वाटलं.

पेढे वाटून झाले. मालकाने कोचला खांद्यावर घेतलं. पंधरा मिनिटांनी मॅनेजर हातात मोबाइल घेऊन आला आणि कोचला बाजूला घेऊन गेला. कोच परत आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. यंदापासून नियम बदलला होता. आपसातली मॅच धरत नाहीत, सगळ्या सीझनचा पॉइंटांचा फरक धरतात. त्या हिशेबाने आम्हाला तेराने जिंकायला हवं होतं. बाराने जिंकलो होतो. आम्ही पाचवे.

आमच्यातला एक जण मोठ्याने हसला, त्याला चेष्टा वाटली. मी त्या उंच माणसाकडे बघितलं. तो बाकावर बसून पायाच्या पट्ट्या सोडत होता. त्याला नव्याने कळण्यासारखं काही नव्हतं. त्याने पट्ट्या गुंडाळून पिशवीत ठेवल्या आणि सायकलवरून घरी गेला. त्याचं घर तिथून जवळच होतं.

कोचने नियम बघितला नाही म्हणून सगळे कोचवर तुटून पडले. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि पुण्याला निघून गेला. फाइल माझ्याकडे आली होती हे कोणी विचारलं नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. पुढच्या सीझनला मालकानेही नाद सोडला. संघच राहिला नाही, तेव्हा कोण कुणाला विचारणार? त्या सीझनचे प्लेऑफ आम्ही जळगावला एकाच्या दुकानात मोबाइलवर बघितले. आमच्या जागी गेलेला संघ पहिल्याच मॅचला हरला. पोरांना बरं वाटलं. मला नाही वाटलं.

त्याला भेटायला जायला मला वर्ष लागलं. शाळेच्या कामाने धुळ्याला गेलो होतो, काम अकराला संपलं, आणि पाय तिकडे वळले. गल्लीत शिरल्यापासून मागांचा आवाज. तो बनियनवर, मागाशी वाकून तुटलेला धागा जोडत होता. मला बघून त्याने माग बंद केला. चारही बंद केले. एकदम सगळं शांत झालं. भरतीची तारीख कधीच उलटून गेली होती, त्याबद्दल विचारायचं काही उरलं नव्हतं. मी त्याच्या गुडघ्याची चौकशी केली. त्याने माझ्या गुडघ्याची केली. मी म्हणालो, फाइल वाचायला पाहिजे होती मी. तो म्हणाला, मीच मोठ्याने सांगायला पाहिजे होतं. चहा आला. चहा झाला.

मग त्याने विचारलं. अहिराणीत नाही. कोचशी बोलायचा तसं, शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द जपून.

"शेवटी मी हात वर केला होता. तुम्हाला दिसला होता का?"

त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. असता तर मी खरं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगतो. वर्षभर तो माणूस मागाशेजारी उभा राहून याच एका गोष्टीचा विचार करत होता, एवढं मला दिसलं.

"नाही रे," मी म्हणालो. "दिसला असता तर दिला नसता का?"

त्याने लांब श्वास सोडला. खांदे सैल झाले. "मग ठीक शे, भाऊ," तो म्हणाला. "माले वाटे, तुम्ही देखीसन दिधा नही." बघूनही दिला नाही, असं त्याला वाटत होतं. आणि तो हसला, सीझनभर मी त्याला असं हसताना बघितलं नव्हतं. आत जाऊन त्याने आईला सांगितलं, आमचे कप्तान आलेत, जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आईने माझ्या ताटाजवळ बसून आग्रह करकरून वाढलं. तो शेजारी बसून तिला आमचे पास कसे जुळायचे ते हात उंचावून दाखवत होता. मला स्वतःची किळस आली. तरी मी पोटभर जेवलो, भाजी दोनदा मागून घेतली, आणि तिला म्हणालो, असा जोडीदार मला आयुष्यात मिळाला नाही.