शिवेवरची देवी नुमाइशीत

साहेबांनी माझ्या चित्रांपुढं जांभई दिली नसती, तर मी उमापूरच्या वाटेला गेलोच नसतो. आता असं म्हणायला काय जातंय म्हणा.

निजामाच्या अमलात मी बीडच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो. तालुकदार साहेब म्हणजे अख्ख्या जिल्ह्याचे मालक. त्यांच्या मनात आलं, जिल्ह्यातल्या कलेची नुमाइश, म्हणजे प्रदर्शन, भरवायची, आणि ते काम आलं माझ्या गळ्यात. मी लई खूश. कंकालेश्वराचं पाण्यातलं देऊळ, बिंदुसरेचा काठ, नारायणगडाची जत्रा, अशी माझी जलरंगातली चौदा चित्रं मी त्यांच्यापुढं मांडली. साहेबांनी ती पत्त्यांसारखी चाळली. "मास्तर, ऐसे तो बहुत देखे. लोगां जिसको पूजते, वो लाओ," म्हणाले आणि तोंडावर हात धरून जांभई दिली. ती मला झोंबली. मी इरेला पेटलो.

गावोगाव हिंडून जिवतीचे कागद आणले, कावडींवरच्या रंगीत फळ्या आणल्या. पण साहेबांची मान डोलेल असं काही मिळेना. मग उमापूरच्या अलीकडं, एका गावच्या शिवेवर, बाभळीखाली हातभर लांबीचा लाकडी गाडा दिसला. त्यात फळीवर रंगवलेली मरीआई. गेरू, हळद, काजळी, एवढेच रंग. डोळे चुन्याचे. माझ्या चौदा चित्रांत जे नव्हतं ते त्या डोळ्यांत होतं.

गावात पटकीची साथ शिरली की देवीला गाड्यात बसवून वाजतगाजत शिवेबाहेर सोडायची, ही आमच्याकडची रीत. पुढच्या गावानं तो गाडा ओढून आपल्या शिवेपार करायचा. असा तो पुढं पुढं जात राही. मागं कुणी आणत नसे.

जवळच मेंढरं चारणारा एक म्हातारा धनगर लगबगीनं आला. "मालक, हात नगा लावू. तिला फुडंच जायचं आस्तंय. मागं फिरवली तर घरात घुसंल."

"अरे बाबा, फळी आहे ती," मी म्हणालो. देवी उपरण्यात गुंडाळली आणि बैलगाडीत ठेवली.

बायको खेड्यात वाढलेली. घरी फळी बघताच तिचा चेहरा उतरला. "आवो, ही हितं कावून आणली? सोडून या तिला. मी हात जोडते तुमाला."

"अडाण्यासारखं बोलू नको," मी खेकसलो. ती आत निघून गेली. तिनं पुढं वाद घातला नाही, हे मला बरं वाटलं. एवढा मी मूर्ख.

नुमाइशीच्या पहिल्या दिवशी साहेब देवीपुढं बराच वेळ उभे राहिले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. दुसऱ्या दिवसापासून माणसांचा लोंढा लागला. चित्रं बघायला कुणी आलं नव्हतं. ज्या गावांतून गाडा गेला होता तिथली माणसं, घरातलं दुखणेकरी माणूस मागं ठेवून, देवीला शोधत आली होती. दहीभात, लिंबाचा पाला, नारळ. ती फळीवर पाणी ओतायची, ते खालच्या पितळी परातीत साचायचं, आणि जो तो त्याच परातीत ओंजळ बुडवून तीर्थ घ्यायचा.

पटकी पाण्यातून पसरते, पाणी उकळून प्या, अशी सरकारी दवंडी त्याच आठवड्यात पिटली गेली होती. शाळेच्या फळ्यावर तो मजकूर मीच सुबक अक्षरात लिहिला होता. तरी मी परात हलवली नाही. गर्दी बघून साहेब खूश होते आणि खरं सांगायचं तर मीही.

एका दुपारी रांगेत बायको दिसली. हातात नारळ. माझ्या वतीनं माफी मागायला आली होती, ते मला लगेच कळलं. साहेब तेव्हा माझ्याशीच बोलत होते. अशीच मोठी देवी जलरंगात काढा, आपण ती हैदराबादला पाठवू, म्हणत होते. तिनं डोळे मिटले आणि ओंजळ परातीत बुडवली. मी हाक मारायला तोंडसुद्धा उघडलं. पण साहेबांचं बोलणं अर्ध्यावर होतं आणि ते तोडायची माझी छाती झाली नाही. ते संपलं तेव्हा ती तीर्थ पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला जुलाब-उलट्या लागल्या. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "यांनी बाहेर कुठं पाणी प्यायलंय का?"

परातीचं नाव घेतलं असतं तर नुमाइश त्याच घटकेला बंद झाली असती. देवी मीच आणलेली, म्हणून साहेबांनी सगळा ठपका माझ्यावर ठेवला असता. बायको खाटेवरून माझ्याकडं बघत होती. बोलायचं त्राण तिच्यात नव्हतं.

"न्हाई," मी म्हणालो, "घरचंच पिते ती."

तिनं तोंड भिंतीकडं केलं. डॉक्टरांनी आमचा रांजण ओतून द्यायला लावला. दिवस मावळायच्या आत ती गेली.

नुमाइश ठरल्याप्रमाणे आणखी दोन दिवस चालली, आणि परातीपुढची रांग रोज वाढत गेली.